केडा: रांग मोजतो, पण अर्धीच

कुबरनेटिस (सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारी प्रणाली) वापरत असाल, तर केडा म्हणजे काम किती साचलंय ते बघून पॉड, म्हणजे प्रोग्रामच्या चालत्या प्रती, कमी-जास्त करणारं साधन. एचपीए हा कुबरनेटिसचा स्वतःचा स्केलर; आधी आम्ही तोच सीपीयूवर चालवायचो. आमचं काम व्यापाऱ्यांची जीएसटी बिलं पीडीएफ करून पाठवण्याचं. ११ तारखेला जीएसटीआर-१ ची मुदत, त्यामुळे १० च्या संध्याकाळी सगळे एकदम जागे होतात. रॅबिटएमक्यूत (कामांचे मेसेज रांगेत धरणारं सॉफ्टवेअर) ढीग, आणि एचपीएच्या लेखी सीपीयू २० टक्के, सगळं निवांत! रांगेतलं काम उचलणाऱ्या वर्करचा बहुतेक वेळ पलीकडच्या गेटवेच्या उत्तराची वाट बघण्यात जातो, सीपीयू चढणार कुठून? शिवाय ती टक्केवारी पॉडच्या रिक्वेस्टवर (पॉडसाठी मागून ठेवलेला सीपीयू) काढतात; रिक्वेस्ट भरमसाट ठेवली असेल तर आकडा आणखी खाली. क्लाउडवाल्यांकडे तिकीट टाकलं, तर उत्तर आलं, मोठा नोड (सर्व्हर) घ्या. बिल कोण भरणार?

म्हणून केडा घेतला. दर पॉडमागे २० मेसेज असं लक्ष्य ठेवलं की ४०० मेसेजना २० पॉड, साधं त्रैराशिक. काम नसेल तर शून्य. रात्री पॉड गेले की नोडही उतरायचे, आणि महिन्याचं बिल बघून अकाउंट्सवाल्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही. तेव्हा पाच तारे दिले असते.

मग काही व्यापाऱ्यांना तेच बिल दोनदा जाऊ लागलं. रॅबिटएमक्यूशी बोलायला प्रोटोकॉल एएमक्यूपी ठेवला असेल तर केडा फक्त 'रेडी', म्हणजे अजून न उचललेले मेसेज मोजतो. वर्करने उचललेले पण अजून अ‍ॅक न केलेले (काम झाल्याची पोच न दिलेले) त्याच्या हिशेबात नाहीतच. आमचा प्रीफेच (एक वर्कर एका वेळी किती मेसेज हातात घेतो) ५०, गेटवे सुस्तावला की एका बिलाला १० सेकंद. म्हणजे वर्करच्या हातात आठेक मिनिटांचं काम, आणि केडाच्या मते रांग रिकामी. ३०० सेकंद थांबून पॉड काढायला सुरुवात. आवरायला डिफॉल्ट ३० सेकंद, त्यानंतर सरळ किल. अ‍ॅक न झालेले मेसेज परत रांगेत, बिल परत व्यापाऱ्याकडे. केडाचा कूलडाउन पिरियड (पॉड काढण्याआधी थांबायची मुदत) वाढवून बघाल, तर तो फक्त शून्यावर जातानाच लागू; शून्याच्या वर एचपीएचाच स्टॅबिलायझेशन विंडो (त्याची स्वतःची थांबायची मुदत) चालतो.

उपाय एका ओळीचा: प्रोटोकॉल एचटीटीपी करा, रॅबिटएमक्यूचा मॅनेजमेंट प्लगइन चालू ठेवा, मग अ‍ॅक न झालेलेही मोजले जातात. पण इतकी महत्त्वाची गोष्ट पॅरामीटरांच्या जंत्रीत कुठेतरी दडवायची? यासाठी एक तारा कापतोय आणि तो परत देणार नाही. प्रीफेचही ५ वर आणला.

आता मात्र मत थोडं बदललंय. मेसेज मोजणंच आमच्यासाठी चुकीचं होतं. एक मेसेज एका पानाचं बिल, दुसरा ४०० पानांचा लेजर. दोघांना सारखंच वजन कसं द्यायचं? सर्वात जुन्या मेसेजचं वय लावून पाहिलं, पण पॉड वाढले तरी वय लगेच उतरत नाही, आणि एचपीए गुणोत्तर धरून आणखी वाढवत सुटतो. शेवटी अ‍ॅपच बाकी पानांची बेरीज प्रोमिथियसला (असे आकडे साठवणारी प्रणाली) देतं आणि केडा तीच वाचतो. गेल्या १० तारखेला रात्री जेवण वेळेवर झालं.

मॅक्स रेप्लिका (जास्तीत जास्त किती पॉड) मात्र स्वतः लिहा. नाही लिहिलं तर केडा १०० धरतो. आमचा गेटवे ३० पॉडच्या वर झेलत नाही, वरच्या ७० पॉडचं भाडं नुसतं वाट बघण्यासाठी भरायचं का?