सी-१० ऑटोमॅटिक करून घेतली: गॅरेजचा अनुभव

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जड क्लच बंद म्हणून सांगितलं. माझी शेव्हरले सी-१० पिकअप १९८२ची. आधीच्या मालकानं बसवलेलं ३५० घनइंचांचं कार्बोरेटरवालं इंजिन आणि एसएम४६५ हा हातानं टाकायचा चार गिअरचा बॉक्स. मी गाडी शिकलो ती इस्लामपूरला, वडिलांच्या टाटा ४०७वर. तसाच लांब दांडा या पिकअपला होता, म्हणून ती विकायला मन होईना. पण टेक्सासात न्यू ब्राउनफेल्सहून ऑस्टिनला जाताना आय-३५ हायवेच्या गर्दीत गुडघा रडकुंडीला यायचा. म्हणून गाडीला ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचं ठरवलं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं दहा मिनिटांत दर सांगितला. टीव्ही केबलचं (कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी थ्रॉटल व्हॉल्व्हची तार) काय, असं विचारलं तर म्हणाला, “बांधून टाकू, चालतं.” मी तिथून निघालो. ७००आर४चा जीव त्या केबलमध्ये असतो. ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे ती बॉक्सला कळवते आणि त्यावर आतला तेलाचा दाब ठरतो. केबल सैल राहिली तर दाब कमी पडतो, क्लचप्लेटा घसरतात आणि नवा बॉक्स थोड्याच मैलांत जळतो.

दुसरं गॅरेज सॅन अँटोनिओच्या दक्षिणेला. एक वयस्कर मेकॅनिक आणि त्यांचा मुलगा, बस्स. काकांनी आधी गाडीखाली आडवं होऊन सगळं मोजलं, मग बोलले. बॉक्स १९८७नंतरचाच घ्यायचा, कारण इंजिनकडून जोर घेणारा त्याचा इनपुट शाफ्ट ३० स्प्लाइनचा (दांड्यावरच्या खाचांचा) आणि मजबूत. क्लचच्या जड फ्लायव्हीलच्या जागी फ्लेक्सप्लेट ही पातळ चकती. गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा क्रॉसमेंबर सरकवावा लागला. प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून त्याला गिअरबॉक्सशी जोडणारं २७ स्प्लाइनचं योक लावलं. माझ्या रेडिएटरमध्ये गिअर ऑइल गार करायची सोयच नव्हती, म्हणून पुढे वेगळा कूलर आला. स्टिअरिंग कॉलम भंगारातल्या एका ऑटोमॅटिक पिकअपचा, ब्रेकचं रुंद पेडलही तिथलंच. गिअरमध्ये असताना गाडी सुरू होऊ नये म्हणून न्यूट्रल स्विचही जोडला.

टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा भाग) बसवायच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. फिरवत फिरवत आत ढकलताना तो तीनदा खट् करून बसला पाहिजे. नाही बसला आणि तसेच बोल्ट आवळले, तर आतला पंप फुटतो. तिसरा खट् ऐकल्यावर त्यांनी फटीत पट्टी घालून माप घेतलं आणि मगच बोल्टला हात लावला. केबलसाठी कार्बोरेटरला योग्य भूमितीचा ब्रॅकेट लावला, गेज जोडून दाब पाहिला, थोडं फिरवलं, पुन्हा पाहिला. या एका कामाला त्यांनी अख्खी दुपार दिली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो या दुपारसाठी.

बिल झालं ४,३०० डॉलर, बॉक्स आणि कन्व्हर्टर धरून. आठ दिवस सांगितले होते, एकोणीस लागले. मधे दोनदा फोन मीच केला. त्यांनी स्वतःहून कळवायला हवं होतं.

आता चालवण्याबद्दल. मागचा एक्सल ३.७३ गुणोत्तराचा. पूर्वी ६५ मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला २,८५० फेऱ्यांच्या आसपास फिरायचं, आता ०.७०च्या ओव्हरड्राइव्हमुळे, म्हणजे चौथ्या उंच गिअरमुळे, २,०००वर येतं. केबिनमध्ये बायकोशी हळू आवाजात बोलता येतं, हे पहिल्यांदाच. चौथ्यात लॉकअप (कन्व्हर्टर इंजिनशी थेट जोडला जाणं) लागताना हलकासा धक्का जाणवतो, ब्रेकला पाय लागला की सुटतो. जुन्या पहिल्या गिअरचं ६.५५चं बळ मात्र गेलं. नव्याचा पहिला ३.०६. कन्व्हर्टर थोडी भर घालतो, पण पावसानंतर चिखलातून ट्रेलर ओढताना आधीची ती संथ ताकद आठवते. उतारावर इंजिनचा धरही कमी झालाय. रोज शेतात ट्रेलर ओढणाऱ्याला मी हा बदल करा म्हणणार नाही. गुडघा किंवा कंबर अडवत असेल, तर जरूर करा.

पहिले दोन आठवडे डावा पाय क्लच शोधत रुंद ब्रेकवर जायचा. रिकाम्या पार्किंगमध्ये तीन संध्याकाळी सराव केला, मगच हायवेला लागलो.

स्पीडोमीटर अजून खरं सांगत नाही. जीपीएसवर ६५ असताना तो ५८ दाखवतो. काकांनी दुसऱ्या दातांचा गिअर मागवलाय, पैसे घेणार नाहीत. शनिवारी जातोय. जुना एसएम४६५ त्यांच्याकडेच पडलाय, तोही पिकअपमध्ये टाकून घरी आणीन.