कार्ड माझंच, बिलही माझ्याच नावावर

1995 सालची गोष्ट. आमच्या 386 कॉम्प्युटरला साडेतीन इंची फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची चकती, वाचणारा एकच ड्राइव्ह, आणि वडिलांच्या ऑफिसचा जुना हिशेब सगळा सव्वापाच इंची, 1.2 एमबीच्या फ्लॉप्यांवर. म्हणून सीपीयूचा डबा चादरीत गुंडाळला आणि साताऱ्याहून एसटीने मुंबईचा, कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला.

दुकानदार गोडबोल्या. "साहेब, ड्राइव्ह चालवणारं कंट्रोलर कार्ड जुनं आहे, त्यावर एकच ड्राइव्ह चालतो. दुसऱ्यासाठी कार्ड बदलावं लागेल." मला काय कळतंय? चहा आला, डबा आत गेला. तासाभराने त्याने स्वतःची फ्लॉपी नव्या, म्हणजे बी ड्राइव्हमध्ये सरकवली, 'डीर' ही कमांड मारली, फायलींची यादी पडद्यावर. ड्राइव्हचे 1400 आणि कार्डाचे 600 मोजून मी खुशीत परतलो.

घरी आमची फ्लॉपी घातली. खर्रर्र, खर्रर्र, मग 'जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह बी'. दुसरी घातली, तेच. आधी वाटलं, फ्लॉप्यांनाच बुरशी लागली. शेवटी ड्राइव्हचा प्रकार नोंदवलेला असतो त्या सेटअपमध्ये शिरलो, तर बी समोर 360 केबी! तो बदलून 1.2 केला तरी ढिम्म. म्हणजे त्याने ड्राइव्हच 360 चा दिला होता. 360 चा ड्राइव्ह 40 ट्रॅकचा, म्हणजे चकतीवरच्या 40 गोल रेघांचा, आमच्या फ्लॉप्या 80 ट्रॅकच्या. 1.2 चा ड्राइव्ह जुन्या 360 च्या फ्लॉप्या वाचतो, पण उलटं होत नाही. त्याची ती फ्लॉपी 360 ची असणार, मग यादी का नाही येणार!

रागाने डबा उघडला. 'नव्या' कार्डावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. सैल झालेला जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी बारकी टोपी, हलू नये म्हणून मीच वर्षापूर्वी बायकोच्या बाटलीतून लावलेला. एकाच कंट्रोलरवर दोन ड्राइव्ह आरामात चालतात. लागते ती फक्त 34 तारांची पट्टी, दोन कनेक्टरवाली. तारांना जिथे पीळ दिलेला असतो, त्याच्या पुढचा ड्राइव्ह ए, अलीकडचा बी. तेवढी पट्टी मात्र खरोखर नवी होती.

म्हणून ड्राइव्ह घेणाऱ्यांनो, आपली स्वतःची 1.2 ची फ्लॉपी न्या आणि ती तिथेच वाचून घ्या. बिलावर क्षमता लिहून मागा. डबा डोळ्यांसमोर उघडू द्या, चहा नंतरही पिता येतो. माझ्या कच्च्या बिलावर नुसतं 'फ्लॉपी ड्राइव्ह सव्वापाच, कार्ड' एवढंच.

एसटीडी बूथवरून दुकानदाराला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्याने, शांतपणे.

"पण साहेब, ड्राइव्ह चालतोय ना?"