सेपा पेमेंट्सचा रिव्ह्यू: युरो एकच, पण बँका आणि ऑफिसं देशागणिक वेगळी

नेदरलँड्समधून जर्मनीत शिफ्ट झाल्यापासून दोन्हीकडची अकाउंट्स वापरतोय, आणि आपल्याकडून नवीन येणारी मुलंमुली सारखी विचारतात की इकडे यूपीआयसारखं काय आहे, एका देशातलं अकाउंट दुसऱ्या देशात चालतं का, म्हणून सेपाबद्दल एकदा नीट लिहितो. सेपा ही बँक नाही आणि अ‍ॅपही नाही, युरोतले पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवायचे सामाईक नियम आहेत ते, तुम्ही बँकेच्या अ‍ॅपमधून आयबॅन (म्हणजे आंतरराष्ट्रीय अकाउंट नंबर) टाकून ट्रान्सफर केली की मागे तेच चालतं. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. जो एक कापलाय त्याचं कारण खाली सविस्तर लिहिलंय, ते नक्की वाचा कारण त्रास तिथेच होतो.

आधी चांगलं. सेपा ट्रान्सफर 2008 मध्ये सुरू झाली आणि 2014 पर्यंत युरोझोनमधल्या, म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांच्या आपापल्या जुन्या पद्धती बंद होऊन सगळे यावर आले. म्यूनिकहून लिस्बनला पैसे पाठवा नाहीतर शेजारच्या गल्लीत, युरोमधली ट्रान्सफर असेल तर बँक देशाबाहेरचं म्हणून जास्त चार्ज लावू शकत नाही, तसा कायदाच आहे. आणि आता तर इन्स्टंट. ऑक्टोबर 2025 पासून युरोझोनमधल्या बँकांना इन्स्टंट पाठवायची सोय द्यावीच लागते, 10 सेकंदात, रविवारी रात्रीसुद्धा, आणि साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त पैसे न घेता. पूर्वी शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेलं डिपॉझिट सोमवारी-मंगळवारी पोचायचं आणि तोवर घरमालकाला स्क्रीनशॉट दाखवत बसायला लागायचं, ते संपलं.

त्याच वेळी नाव जुळतंय का ते तपासणंही आलं. पैसे पाठवायच्या आधी बँक आयबॅन आणि नाव पडताळून सांगते. फ्रॉड अडवायला उत्तम आहे, पण आपल्या लोकांनी एक लक्षात ठेवा, पासपोर्टवर बहुतेकांच्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, बँकेत ते कधी चढतं कधी नाही, मग समोरच्याने नुसतं नाव-आडनाव टाकलं की त्याला "नाव पूर्ण जुळत नाही" अशी वॉर्निंग येऊ शकते. एचआरला आणि घरमालकाला बँकेत जसं आहे तसंच नाव द्या.

डायरेक्ट डेबिटची पण मनापासून तारीफ. लाईट, फोन, जिम सगळे तुमच्या अकाउंटमधून स्वतःच पैसे ओढतात, पहिल्यांदा भीती वाटते, पण 8 आठवड्यांच्या आत कारण न देता बँकेकडून ते पैसे परत मागता येतात, आणि परवानगीच दिली नसेल तर 13 महिन्यांपर्यंत. ग्राहकाच्या हातात एवढी ताकद मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आता तो कापलेला स्टार. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात आणि युरोझोनमधला कुठलाही आयबॅन सगळीकडे चालला पाहिजे असं 2012 च्या युरोपियन नियमात स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात जर्मनीत आल्यावर एका कंपनीच्या फॉर्मने माझा डच आयबॅन घेतलाच नाही, कस्टमर केअरवाली बाई म्हणाली जर्मन अकाउंट उघडा. नियम दाखवला तरी तेच. आणि तक्रार करायला गेलं की कळतं, नियम एक आहे पण तो राबवायचं काम प्रत्येक देशाच्या आपापल्या ऑफिसकडे आहे, त्यांचे अधिकार वेगळे, भाषा वेगळी, स्पीड वेगळा. माझ्या मते युरोचं सगळं दुखणं इथेच आहे. पैशाची पाइपलाइन सगळ्यांची एक केली पण नळ ज्याच्या त्याच्या घरातला राहिला.

हे फक्त फॉर्मपुरतं नाही म्हणून जरा लांबण लावतोय. ठेवींचं बघा, प्रत्येक बँकेत माणशी 1 लाख युरोपर्यंत गॅरंटी सगळीकडे सारखीच, पण ती देणारा फंड त्या त्या देशाचा. मोठ्या बँकांवर 2014 पासून युरोपियन सेंट्रल बँक थेट देखरेख ठेवते, पण ठेवींचा सामाईक विमा 2015 मध्ये प्रस्ताव येऊनही झालेला नाही, कारण जर्मनीसारख्या देशांना वाटतं की आपल्या बँकांनी भरलेला पैसा दुसऱ्यांच्या बँका वाचवायला जाईल. त्यांची भीती मला समजते, पटत मात्र नाही, कारण 2015 च्या जून अखेरीस ग्रीसमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. एटीएममधून दिवसाला 60 युरो एवढीच लिमिट आणि देशाबाहेर पैसे पाठवायला बंदी. म्हणजे अथेन्सच्या बँकेतला युरो आणि म्यूनिकच्या बँकेतला युरो नावाला एक, पण म्यूनिकचा बाहेर जाऊ शकत होता आणि अथेन्सचा नाही. त्याआधी 2013 मध्ये सायप्रसमध्ये पण अशीच बंधनं लागली होती. ज्यांची सगळी बचत एकाच बँकेत आहे त्यांनी 1 लाखाचा आकडा डोक्यात ठेवावा.

घराच्या लोनचं पण तसंच. जुलै 2022 ते सप्टेंबर 2023 मध्ये युरोपियन सेंट्रल बँकेने आपला डिपॉझिट रेट (बँका तिच्याकडे पैसे ठेवतात त्यावरचं व्याज) उणे 0.5 वरून 4 टक्क्यांवर नेला, सगळ्यांसाठी एकच रेट, पण जर्मनीत लोक 10-15 वर्षांसाठी व्याज फिक्स करतात त्यामुळे ज्यांचं आधीपासून लोन चालू होतं त्यांचा हप्ता बहुतेक हलला नाही, उलट पोर्तुगाल-फिनलंडमध्ये बहुतेक लोन युरीबॉरला (बँका एकमेकींना युरो उधार देतात तो बदलता दर) बांधलेली, तिकडे हप्ते भराभर चढले. एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन घर घ्यायचा विचार असेल तर आधी तिकडची लोनची पद्धत बघा, रेट नंतर.

कार्डांचं थोडक्यात सांगतो, जर्मनीत गिरोकार्ड, बेल्जियममध्ये बँकाँटॅक्ट, पोर्तुगालमध्ये मल्टिबांको, प्रत्येकाचं वेगळं, लहान दुकानात बाहेरचं कार्ड चालेलच असं नाही, थोडी कॅश ठेवा. पण कॅशचे नियम पण वेगळे, फ्रान्समध्ये दुकानात 1000 युरोच्या वर कॅश देता येत नाही, जर्मनीत अशी सरसकट लिमिट नाही, आणि नेदरलँड्स-फिनलंडमध्ये कॅश बिल 5 सेंटला राउंड करतात त्यामुळे 1-2 सेंटची नाणी हातात येत नाहीत.

नवीन येणाऱ्यांना सल्ला: देश बदलला तरी जुनं अकाउंट लगेच बंद करू नका, टॅक्सचा रिफंड, घराचं डिपॉझिट वगैरे मागाहून त्यावरच येतं. परदेशी आयबॅन नाकारला तर नकार लेखी मागा, ईमेल चालेल, त्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही, आणि शक्य असेल तर तक्रार कराच, गप्प बसून नवीन अकाउंट उघडलं की पुढच्या माणसालाही तेच ऐकायला मिळतं. बल्गेरिया 1 जानेवारी 2026 पासून युरोत आलाय, तिकडे कामाला जाणाऱ्यांनी इथला आयबॅन चालतो का ते कंपनीला आधीच विचारून घ्या. आणि भारतात पैसे पाठवायला सेपा थेट चालत नाही, त्यासाठी वेगळी सर्व्हिस लागते, पण त्या सर्व्हिसला युरो पोचवायला मात्र सेपा इन्स्टंटच वापरा.