सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरची भाड्याची गाडी: सेवा चोख, टोलचा हिशेब अपुरा

सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरल्यावर एअरट्रेनच्या निळ्या मार्गाने भाड्याच्या गाड्यांच्या केंद्रात जाता येते. तेथील एका कंपनीकडून आम्ही गाडी घेतली. महाराष्ट्रातील वाहन परवान्यावरचा मजकूर इंग्रजीत असल्यामुळे तो लगेच मान्य झाला. काउंटरवरील बाईंनी आमचे उच्चार न कंटाळता ऐकून घेतले आणि विम्याचे पर्याय कागदावर खुणा करत सावकाश समजावले. ही आस्था मला फार मोलाची वाटली.

गाडी स्वच्छ, ऑटोमॅटिक आणि सुस्थितीत होती. डावीकडचे स्टिअरिंग आणि मैलांतला वेग हळूहळू अंगवळणी पडतो. खरी कसोटी लागते ती चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेल्या चौकात, कारण तेथे सिग्नल किंवा पोलीस नसतानाही वाहनचालक पूर्ण थांबतात, जो आधी आला त्याला आधी जाऊ देतात आणि हॉर्न न वाजवता हाताच्या खुणेने ‘तुम्ही निघा’ असे सुचवतात. मनाईची पाटी नसल्यास लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते, हेही ठाऊक हवे.

तक्रार एकच. गोल्डन गेट पुलावर शहराकडे येताना टोल लागतो आणि तो रोखीने स्वीकारला जात नाही. कंपनीने तो परस्पर भरला, परंतु त्यावर आकारलेल्या सेवाशुल्काचा उल्लेख गाडी देताना कोणीही केला नव्हता. परदेशी ग्राहकाला हे तोंडी सांगितलेच पाहिजे. तेवढे आधी विचारून ही सेवा निःसंकोच घ्यावी.