रोज ताजं, रविवारी एकदम, की अर्धी तयारी? बडोद्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

फतेगंज, प्रतापगंज किंवा सयाजीगंजात दोघा-तिघांनी मिळून खोली घेतली, एक इंडक्शनची शेगडी आणली, की लगेच प्रश्न येतो: जेवण रोज करायचं की रविवारी आठवड्याचं करून ठेवायचं? तिसरीही पद्धत आहे. रविवारी फक्त कच्ची तयारी करून ठेवायची आणि शिजवायचं रोज.

निवडण्याआधी वेळ नेमका कुठे जातो ते पाहू. वरण-भाताचा कुकर शेगडीवर पंधरा-वीस मिनिटं असतो, पण तेवढा वेळ त्याच्यापुढे उभं राहावं लागत नाही. हात अडकतात ते भाजी निवडण्यात, चिरण्यात, कणीक मळण्यात आणि भांडी घासण्यात. शिवाय कॉलेजातून दमून आल्यावर 'आज काय करायचं' हे ठरवण्यात जाणारी वीस मिनिटं कोणी मोजत नाही. तेव्हा कोणतीही पद्धत तोलताना ती यातलं काय वाचवते ते बघा.

रोज ताजं

फ्रिज नसेल आणि तास अकरानंतर सुरू होत असतील, तर हीच पद्धत योग्य. तिचा पाया म्हणजे पाच लिटरचा कुकर आणि आतले दोन डबे. तीन लिटरच्या कुकरात दोन डबे नीट बसत नाहीत. एकट्यासाठी खालच्या डब्यात पाव वाटी तूरडाळ आणि पाऊण वाटी पाणी, वरच्या डब्यात पाऊण वाटी तांदूळ आणि दीड वाटी पाणी. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी घाला, त्यातच एक बटाटाही उकडून निघतो. डाळ खालीच हवी, तिला उष्णता जास्त लागते. डाळीत चिमूटभर हळद आणि अर्धा चमचा तेल घातलं की फेस कमी येतो आणि शिट्टीची वाट चोंदत नाही.

डाळ कचरट राहण्याची कारणं बहुधा तीन असतात. डाळ जुनी असते, सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात किंवा टोमॅटो, चिंच, आमसूल आधीच घातलेलं असतं. क्षार आणि आंबट दोन्ही डाळीला मऊ होऊ देत नाहीत. डाळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, शिजवायला पिण्याचं पाणी घ्या आणि आंबट नेहमी डाळ घोटल्यावरच घाला.

चौथं कारण इंडक्शनवरच भेटतं. घरी गॅसवर शिट्ट्या मोजायची सवय असते, पण इंडक्शनच्या मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळीला शिजायला वेळच मिळत नाही. इथे शिट्ट्या सोडा, मिनिटं मोजा. पहिली शिट्टी झाली की आच 1200 वॅटवरून 600च्या आसपास आणा आणि दहा-बारा मिनिटं ठेवा. मग शेगडी बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. तेवढ्यात भाजी फोडणीला पडते.

या पद्धतीला पोळ्या झेपत नाहीत. एकट्यासाठी वाटीभर कणकेच्या चार-पाच पोळ्या होतात. मळणं, लाटणं, भाजणं आणि ओटा पुसणं धरून अर्धा तास सहज जातो. आमचं मत स्पष्ट आहे: सत्र चालू असताना रोज पोळ्यांचा आग्रह धरू नका. गृहउद्योगाच्या दुकानातून रोटल्या किंवा थेपले आणा, भातावर भागवा किंवा भाजणीचं थालीपीठ लावा. स्वयंपाकाचा बेत बहुधा भाजीने मोडत नाही, पोळ्यांनी मोडतो.

रविवारी एकदम

कागदावर हा बेत सगळ्यात आकर्षक दिसतो: तीन तास राबलं की आठवडा मोकळा. बडोद्याच्या हवेत तो तसा उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि छपराखालची खोली रात्रीही तापलेली असते.

सगळ्यात जपायचं ते भाताला. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उघड्यावर कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पातेल्यातला भात मधोमध तासन्‌तास गरम राहतो. म्हणून तो परातीत पातळ पसरा, उन्हाळ्यात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. वरण, आमटी, उसळ तीन दिवस चांगली राहते, तीही फ्रिज खरोखर चार-पाच अंशांवर असेल तर. म्हणजे रविवारचा स्वयंपाक फार तर बुधवारपर्यंत पोचतो. घरमालकाच्या किंवा पीजीच्या सामाईक फ्रिजचं दार दिवसभर उघडत असतं, तिथे दोनच दिवस धरा.

फ्रीझर असेल तर राजमा, छोले आणि उसळ महिनाभर टिकते. एका वेळेला लागेल एवढंच डब्यात भरा, एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. बटाटा गोठवला की रवाळ होतो. ओलं खोबरं सगळ्यांत आधी आंबतं, तेव्हा ते आणि कोथिंबीर वाढतानाच घाला. काढून घेतलेला भाग उकळी येईपर्यंत गरम करा, नुसता कोमट करून भागत नाही.

स्वतःचा फ्रिज आहे आणि प्रयोगशाळा किंवा स्टुडिओमुळे परतायला रोज रात्रीचे नऊ वाजतात, अशांनी ही पद्धत जरूर घ्यावी. पण आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि बुधवारी. बाकीच्यांना आम्ही ती सुचवणार नाही. बुधवारी तीच आमटी चौथ्यांदा समोर आली की पावलं सेव-उसळीच्या गाडीकडे वळतात आणि डब्यातलं फेकलं जातं.

अर्धी तयारी

रविवारी सव्वा तास, रोज भांड्यांसकट अर्धा तास. छोटा का होईना, पण फ्रिज असलेल्या बहुतेकांना हीच पद्धत परवडते, कारण ती चिरणं आणि ठरवणं दोन्ही वाचवते आणि ताटात ताजं अन्न पडतं.

सुरुवात कांदा-टोमॅटोच्या मसाल्याने करा. अर्धा किलो कांदे बारीक चिरून पाच चमचे तेलात मध्यम आचेवर चांगले तांबूस होईपर्यंत परता, पंधरा मिनिटं तरी लागतात. मग दोन चमचे आलं-लसूण, चार-पाच टोमॅटो, हळद, तिखट, मीठ. कडेने तेल सुटेपर्यंत थांबा. इथे घाई केली की पाणी आत राहतं आणि तिसऱ्या दिवशी मसाला आंबूस लागतो. गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर वाफेचं पाणी झाकणाला धरून परत मसाल्यात टपकतं. दर वेळी कोरडा चमचा वापरा. फ्रिजमध्ये तो पाच दिवस राहतो आणि तेवढ्याच भाज्यांना पुरतो. गोडा मसाला यात घालू नका, तो आयत्या वेळी आमटीतच पडू द्या.

दुसरी मटकी. वाटीभर मटकी आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, फडक्यात सैल बांधा. मेमध्ये दहा-बारा तासांत मोड येतात, जानेवारीत पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. बुळबुळीत होऊन वास आला तर एक तर पाणी राहिलं होतं किंवा पुरचुंडी गरम जागी जास्त वेळ पडून होती. तशी मटकी टाकूनच द्या. चांगली मोडाची मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. मसाल्याचा एक मोठा चमचा, वाटीभर मटकी, अर्धी वाटी पाणी, झाकण ठेवून दहा मिनिटं: उसळ तयार.

भाज्यांत तारतम्य हवं. खंडेराव मार्केटमागच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणली तरी सगळी चिरून ठेवायची नसते. कोबी, गाजर, फरसबी, गवार चिरून कोरड्या डब्यात तीन-चार दिवस राहते. मेथी-पालक निवडा, पण धुऊ नका. कागदात गुंडाळून ठेवा. वांगी आणि बटाटे आयत्या वेळीच चिरा, काळे पडतात. भेंडी धुऊन पुसून अख्खीच ठेवा. मळलेल्या कणकेला तेलाचा हात लावून दोन दिवस ठेवता येते. ती वरून करडी पडते, पण वास आंबट नसेल तर वापरायला हरकत नाही.

फ्रिज न लागणारं सामान याच पद्धतीचा कणा आहे: भाजलेला रवा, दाण्याचं कूट, भाजणी, मेतकूट, बेसन. डाळी-तांदूळ तिघांत मिळून हाथीखान्याच्या बाजारातून आणले तर महिन्याला एकच फेरी पुरते. परीक्षेत काहीच सुचत नसेल तेव्हा पिठलं करा. अर्धी वाटी बेसन आधी दीड वाटी गार पाण्यात कालवून घ्या, मग लसूण-मिरचीच्या फोडणीत ओता आणि सारखं ढवळत रहा. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात, कारण प्रत्येक गोळ्याचं वरचं पीठ लगेच शिजून आतल्या पिठाला पाणी पोचू देत नाही. भातासकट वीस मिनिटं पुरतात.

डबा लावावा का?

दुपारचा लावा, रात्रीचं स्वतः करा. सलग तास असणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. इथल्या बहुतेक डब्यांत डाळ आणि शाक गोडसर असतं. ते रोज दोन्ही वेळा चालेल का, हे आठवडाभर खाऊन बघा आणि मगच महिन्याचे पैसे द्या. नवरात्रात मात्र सगळ्या पद्धती मोडतात. गरब्याहून मध्यरात्री परतल्यावर कुकर कोणी लावत नाही. त्या नऊ दिवसांत दही-पोहे किंवा मेतकूट-भात हाताशी ठेवा आणि उपास असेल तर वरी, दाण्याचं कूट आणि उकडलेले बटाटे.

काय घ्यावं

शेगडी आधी, भांडी नंतर. इंडक्शन असेल तर दुकानात लोहचुंबक घेऊन जा. तळाला घट्ट चिकटलं तरच ते भांडं चालेल. घरून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. दोन डब्यांचा पाच लिटर स्टीलचा कुकर, एक कढई, एक तवा, धारदार सुरी, झाकणाचे चार स्टीलचे डबे, एवढ्यावर तिघांचं चालतं. त्याहून जास्त ताटं-वाट्या घेऊ नका. भांडी जितकी जास्त, तितकी बेसिनमध्ये साठतात, आणि घासायची पाळी कोणाची यावरूनच सामाईक स्वयंपाक बंद पडतो. ज्याने शिजवलं त्याने घासायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा, आणि कुकरची गास्केट व शिट्टी धुणं घासणाऱ्याकडे द्या. शिट्टीत डाळ वाळून बसली तर वाफेची वाट बंद होते आणि सुरक्षेची झडप उडते.