खाच असलेली सुई: गोधडीसाठी कितपत उपयोगी?

साठीनंतर गोधडी शिवायला बसलं की पहिली अडचण येते ती दोरा ओवताना. त्यावरचा उपाय म्हणून डोक्याला खाच असलेली सुई मिळते. खाचेवर दोरा ताणून धरायचा आणि खाली दाबायचा. टक् आवाज झाला की ओवला गेला. चष्मा शोधावा लागत नाही, हे सुख खरोखर मोठं आहे.

दोन जुन्या सुती साड्या आणि मध्ये एखादं धोतर, एवढ्या जाडीपर्यंत ही सुई छान चालते. थर पाचाच्या वर गेले की मात्र अडते. जोर लावून ओढली की खाच फाकते आणि दोरा निसटतो. खाचेची कडा दोरा हळूहळू कापतेही. म्हणून दोरा हातभरच घ्या, आधी मेणावरून फिरवा आणि दर थोड्या टाक्यांनी सुईवर थोडा पुढे सरकवा. टाका उसवायचा असेल तर सुई उलटी ओढू नका, सुईतून दोरा काढूनच उसवा.

जाड गोधडीला लांब नेढ्याची साधी सुई आणि तारेची ओवणी (नेढ्यातून दोरा ओढून घ्यायचं छोटं साधन) हीच जोडी आम्ही सुचवू. बसण्याआधीच आठ-दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवल्या की धावदोऱ्याची लय मोडत नाही. बोटं दुखत असतील तर मधल्या बोटात अंगुस्तान (सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी) हवंच. सुई ओढायला अंगठ्यावर रबरी टोपी घाला, पकड कमी जोरात बसते.

उठताना सुया मोजा. गोधडीत राहिलेली सुई नातवंडांच्या अंगाखाली येते.