शहापुरातल्या बेकरीचा पाव दुसऱ्या दिवशी फोडणीत कसा उतरतो

भट्टीतून निघालेला गरम पाव कुठल्याही बेकरीचा चांगलाच लागतो. पावाची खरी पारख दुसऱ्या दिवशी सकाळी, फोडणीत होते. माझ्याकडे कॉलेजची मुलं जेवायला आहेत. रात्री रश्श्याबरोबर लादीपाव ठेवला की थोडे उरतातच, आणि सकाळच्या नाष्ट्याला त्यांचाच फोडणीचा पाव होतो. त्यामुळे बेळगावच्या शहापुरात नाथ पै सर्कलजवळच्या गल्लीतल्या छोट्या बेकरीबद्दल लिहिते आहे ते सगळं ह्याच हिशेबानं.

इथला पाव हाताला जड लागतो. वरची पापडी जाड, आतली जाळी बारीक आणि चिवट. दुसऱ्या दिवशी हातानं तोडला तर तुकडा तुकड्यासारखा राहतो, भुगा होत नाही. ताकाचा हबका बसला तरी त्याचा लगदा होत नाही, माझ्या लेखी हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी मी दुसऱ्या एका ठिकाणाहून घ्यायची, तिथला पाव कापसासारखा मऊ आणि गोड. गोड पाव तव्यावर लवकर करपतो आणि फोडणीचा तिखटपणाही मारतो. इथल्या पावात साखर बेताची आहे.

मी करते ते असं. आठ पावांना दोन मोठे कांदे. पाव सुरीनं न कापता बोटाच्या पेराएवढे तोडायचे. बिडाच्या तव्यात शेंगतेल जरा सढळ हातानं, त्यात मूठभर शेंगदाणे तळून बाजूला काढायचे. मग मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, मग कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद आणि घरची कांदा-लसूण चटणी एक चमचा. चटणीला मी ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही मिरच्या घेते. ब्याडगीनं रंग येतो, तिखटपणा संकेश्वरीचा. नुसत्या ब्याडगीचा फोडणीचा पाव दिसतो लालभडक आणि लागतो मवाळ. आमच्या हुक्केरी तालुक्यातल्या ह्या संकेश्वरी मिरचीशिवाय त्याला चव नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टोमॅटो मी घालत नाही, पाणी सुटतं.

तुकडे टाकले की अर्धी वाटी आंबट ताक वरून शिंपडायचं, एका जागी ओतायचं नाही. दोन मिनिटं झाकण. शिळा पाव कडक होतो तो फक्त वाळल्यामुळे नाही, त्यातला स्टार्च घट्ट बसतो म्हणून. ओलावा आणि वाफ मिळाली की तो पुन्हा मऊ पडतो. झाकणाची ती दोन मिनिटं त्यासाठीच. मग झाकण काढून आच वाढवायची आणि न हलवता कडा खरपूस होऊ द्यायच्या. इथेच ह्या बेकरीच्या जाड पापडीचं मोल कळतं, ती कुरकुरीत होते आणि आतलं मऊ राहतं. वरून शेंगदाणे, लिंबू, कोथिंबीर, असलं तर ओलं खोबरं.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडाव्यात स्टार्च आणखी लवकर घट्ट होतो. झाकणाच्या डब्यात, ओट्यावर बरा. आपल्याकडचा पावसाळा मात्र वेगळा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो पाव अख्खा टाकायचा. तेवढाच भाग काढून उरलेला वापरणं धोक्याचं, तिचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात. मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे, तिथं काटकसर नको.

बेकरीत मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे कालचा पाव वेगळ्या ट्रेमध्ये असतो आणि कमी दरात मिळतो. काउंटरवरचा मुलगा स्वतःहून सांगतो, "वैनी, ह्यो कालचा हाय, फोडणीला न्या." ताज्याच्या पिशवीत शिळा सरकवून देणाऱ्यांच्या बाजारात ह्याला फार किंमत आहे. मी आता मुद्दाम तोच घेते.

खटकतं ते एकच. पाव गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात. आत वाफ धरते, पापडी लिबलिबीत होते आणि पावसाळ्यात बुरशीला निमंत्रणच. मी कापडी पिशवी नेते, तुम्हीही न्या. सांगितलं तर ते उघडा देतात, कुरकुर करत नाहीत.

दर इतर ठिकाणांपेक्षा थोडा जास्त आहे, वजन बघता तो मला पटतो. स्लाइस ब्रेडही असतो, पण फोडणीला लादीच घ्या, स्लाइसला दोन्ही बाजूंनी सुरी लागलेली, तो ताक फार पितो. जास्त लाद्या हव्या असतील तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं. खारी चांगली आहे. नानकटाई मात्र दुसरीकडून घ्या, इथली तुपाला कमी पडते.